ठोक्याची गोळी

बाबांचा चेहरा राखाडी पडत चाललाय तो धुळीमुळे, याबद्दल घरात दुमत नव्हतं. एरवी त्या घरात चहात साखर किती घालायची यावरही तीन माणसांची चार मतं पडायची, पण धूळ मात्र सगळ्यांना पटली होती. बाबांचं धार लावायचं दुकान होतं. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, खाटकांचे सुरे, सुतारांच्या रंध्यांची पाती, सगळी मंडळी त्यांच्या दगडी चाकाला अंग घासून जायची. चाक फिरलं की ठिणग्या एका अंगाला आणि पिठासारखी बारीक धूळ दुसऱ्या अंगाला, म्हणजे नेमकी बाबांच्या तोंडावर. संध्याकाळी ते घरी आले की डोळे आणि दात तेवढे ओळखीचे वाटायचे.

"घासा जरा," आई टॉवेल पुढे करत म्हणायची. "साबण काय शोभेला ठेवलाय?"

"घासला की. अजून घासला तर कातडी निघेल."

"निघू द्या. आतून बरा माणूस निघाला तर मी ठेवून घेईन."

बाबा हसायचे आणि हसता हसता खोकायला लागायचे. कोरडा, टोकेरी खोकला. काही बाहेर पडायचं नाही, नुसतं आतून कुणीतरी दार वाजवत राहिल्यासारखं. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहायचे, जणू बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय, आणि आई टॉवेलची घडी पुन्हा पुन्हा घालत राहायची.

कप्तान ही त्यांची एकुलती एक मुलगी. वय पंधरा, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकाच्याही पलीकडे जाणारा. यंदा शाळेच्या वादविवादात ती पहिली आली होती आणि तेव्हापासून साधं मीठसुद्धा मुद्देसूद मागत होती. पण कप्तान हे नाव काही वादविवादातून आलेलं नव्हतं. ते सहा वर्षांपूर्वीचं.

सहा वर्षांपूर्वी बाबा चालत्या चाकावरच कोसळले. हार्ट अटॅक. शेजारच्या कुलूपवाल्यानं त्यांना रिक्षात घातलं आणि चाक बंद करायचं राहून गेलं, ते बिचारं दुपारभर रिकामंच फिरत होतं. बाबा वाचले, पण पाचव्या दिवशी दवाखान्यातच हृदयाचे ठोके असे सैरावैरा धावत सुटले की छातीवर दोनदा विजेचा झटका द्यावा लागला. हृदयाचा जो भाग मेला होता, त्याच्या कडेनं ठोके भरकटतात, असं हृदयाच्या डॉक्टरांनी आईला समजावलं आणि ते ताळ्यावर ठेवायला एक गोळी दिली. घरात तिचं नाव पडलं ठोक्याची गोळी. अशी सात औषधं घेऊन बाबा घरी आले.

आणि रोगी म्हणून ते अगदीच नापास निघाले. गोळ्या विसरायचे, जिभेखाली लपवायचे, कुंडीत पुरायचे. "मी ठणठणीत आहे," असं सांगत फिरायचे, पांढऱ्या ओठांनी. तेव्हा नऊ वर्षांच्या पोरीनं सूत्रं हातात घेतली. बुटांच्या खोक्याचं झाकण कापून तिनं तक्ता केला, दवाखान्यातून मिळालेल्या कागदावरचं एकेक औषध गोलगोल अक्षरात उतरवलं, आणि तक्ता स्वयंपाकघराच्या दारामागे टांगला. ठोक्याची गोळी: सकाळी एक, संध्याकाळी एक. मग ती पाण्याचा पेला घेऊन बाबांसमोर उभी राहायची.

"तोंड उघडा. जीभ वर. आता डावीकडे. गिळा. परत उघडा."

"होय, कप्तान."

तेव्हापासून एकही गोळी चुकली नव्हती. एकही म्हणजे एकही नाही. तिला ताप आला तेव्हा ती भिंत धरधरून आली होती. शाळेची तीन दिवसांची सहल आली तेव्हा ती गेली नव्हती, आणि मैत्रिणींना तिनं सांगितलं होतं की तिला डोंगर आवडत नाहीत. तक्त्याची अक्षरं पुसट झाली की त्याच्यावरून ती पुन्हा पेन फिरवायची. नातेवाईक आले की तिची पाठ थोपटायचे. "पोरीनं बाप जगवला," असं म्हणायचे, आणि ती मान खाली घालून लाजल्यासारखं करायची. खरं तर ती मुळीच लाजायची नाही. तिलाही तसंच वाटायचं.

पहिल्या वर्षी ईसीजी स्वच्छ आला, दुसऱ्या वर्षीही. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, छान, गोळी चालू राहू द्या, तपासण्या करत राहा. त्यानंतर बाबा गेलेच नाहीत. त्यांच्या धंद्याचा एक नियम होता: कापतंय ते पातं चाकाला लावायचं नाही, कारण दर वेळी धार लावताना पातं थोडं थोडं झिजतं. हाच नियम त्यांनी स्वतःलाही लावला. "चाललंय ना छान? मग कशाला उगाच घासून घ्यायचं." गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून यायच्या. तो कप्तानला लहानपणापासून ओळखायचा आणि कागद मागायचं त्यानं कधीच सोडून दिलं होतं.

मग खोकला आला. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांचे काळवंडलेले हात बघितले, धंदा विचारला आणि मान डोलावली. धूळ. बाटलीभर औषध दिलं. बाबा मास्क लावायला लागले, चाकाखाली पाण्याचं पसरट भांडं आलं. खोकला हटला नाही. दोन मजले चढताना ते मधल्या वळणावर थांबून किल्ल्या शोधायला लागले. किल्ल्या त्यांच्या हातातच असायच्या.

शेवटी तीन महिन्यांपूर्वी, आईच्या रडण्यापुढे हात टेकून, त्यांनी दुकान काकाच्या हवाली केलं. काका म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, जन्मात एका नोकरीवर वर्षभर न टिकलेला, शिट्टी मात्र फार सुरेख वाजवणारा. बत्तीस वर्षं बाबा त्या चाकासमोर बसले होते. आता ते घरी खुर्चीत बसून भाजीच्या सुरीची धार अंगठ्यानं बघायचे आणि ठेवून द्यायचे.

सगळे वाट बघत होते चेहरा उजळायची.

तो उजळला नाही. आणि एके रविवारी काका दुकानातून थेट जेवायलाच आला, राखेत लोळल्यासारखा. मोरीत उभा राहून त्यानं शिट्टी वाजवत तोंड धुतलं. कप्तान टॉवेल घेऊन उभी होती. पाणी काळं वाहिलं, मग राखाडी, मग स्वच्छ, आणि काकाचा चेहरा चकचकीत गव्हाळ निघाला, पहिल्यासारखा.

"काय बघतेस? काका देखणा आहे हे आज कळलं?"

ती काही बोलली नाही, आणि ही गोष्ट इतकी नवलाची होती की काकानं शिट्टी थांबवली. ती बाबांपुढे जाऊन उभी राहिली. नाकाचा शेंडा, गाल, कपाळ, सगळीकडे निळसर राखाडी छटा. तीन महिन्यांत चाकाचं तोंड न बघितलेल्या माणसाची.

"तीन मुद्दे," ती म्हणाली.

"झालं," आई म्हणाली. "जेवण निवतंय."

"एक. काकाची धूळ धुतली जाते, बाबांची जात नाही. दोन. दुकान सुटून तीन महिने झाले आणि दम लागणं वाढलंय, कमी नाही झालेलं. तीन. धूळ तोंडावर उडते तशी हातावरही उडते. बाबांचे हात आता स्वच्छ आहेत. तोंड नाही. म्हणजे ही धूळ नाहीच. उद्या आपण मोठ्या दवाखान्यात जायचं. छातीच्या डॉक्टरांकडे."

"हिला वकील करा," काका म्हणाला.

"उद्या नको, पुढच्या आठवड्यात बघू," बाबा म्हणाले. तेवढ्या पाच शब्दांत त्यांनी दोनदा श्वास घेतला. कप्ताननं नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"बरं. उद्या," बाबा म्हणाले.

मोठ्या दवाखान्यात त्यांना एका नळीत फुंकायला लावलं. "जोरात, अजून, अजून, सोडू नका," असं तिथली बाई ओरडत होती आणि बाबांचे डोळे बाहेर यायला लागले, तरी पडद्यावरची रेघ जिथे जायला हवी होती त्याच्या अर्ध्यावरच कोसळली. मग स्कॅन झाला. मग लाकडी बाकावर दोन तास. कप्ताननं औषधांची पिशवी आणि जुनी फाइल मांडीवर घेतली होती. फाइलमधले कागद तिनं कधी वाचले नव्हते, तिच्याकडे तक्ता होता ना. तिला बरं वाटत होतं. शेवटी कुणीतरी नीट बघत होतं, आणि ते तिच्यामुळे.

छातीच्या डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागायचं.

"धंदा?"

"धार लावायचा," बाबा म्हणाले. "होता."

"मास्क?"

"दोन वर्षं लावला."

त्यांनी स्कॅनच्या काळ्या चित्रावर पेनाचं टोक फिरवलं. "दगडाच्या धुळीचं दुखणं असं दिसत नाही. ती सहसा वरच्या बाजूला बारीक खड्यांसारखी बसते. हे निराळं आहे. हे बघा, पांढरं जाळं. औषधं कोणती चालू आहेत?"

हा प्रश्न म्हणजे कप्तानचं घरचं मैदान. ती उभीच राहिली.

"रक्त पातळ ठेवायची एक, दुपारी जेवणानंतर. चरबीची एक, झोपताना. रक्तदाबाची अर्धी, सकाळी. ठोक्याची सकाळी एक आणि..."

"एकच," बाबा म्हणाले. "ठोक्याची दिवसाला एकच."

त्यांनी तिला असं मध्ये कधीच तोडलं नव्हतं. ती थोडी हसली. "बाबा, दोन. सकाळ आणि संध्याकाळ."

"एकच घेतो हो डॉक्टर. पोरगी गोंधळते जरा."

"मी गोंधळते?" तिच्या कानशिलांवर रक्त चढलं. "सहा वर्षांत एकदा तरी गोंधळले का? डॉक्टर, दोन गोळ्या. मी स्वतः देते. तोंड उघडून बघते. यांना विचारू नका, हे कुंडीत पुरायचे गोळ्या."

आईनं तिच्या कुर्त्याचं टोक ओढलं. तिनं ते सोडवून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळीचं नाव विचारलं. तिनं पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलली आणि किती ताकदीची आहे ते वाचलं.

"किती वर्षं?"

"सहा वर्षं आणि दोन महिने."

"रोज दोन."

"रोज दोन. एकही चुकली नाही." आणि ती थांबली, कारण या जागी लोक नेहमी जे म्हणायचे ते ऐकायची तिला सवय होती.

बाईंनी पेन खाली ठेवला. "ती फाइल बघू."

पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ चालला. बाबा जमिनीकडे बघत होते. एका पानावर बाईंचं बोट थांबलं, आणि टेबलाच्या या बाजूनं, उलटीकडून, कप्ताननंही ते वाचलं. हृदयाच्या डॉक्टरांचं अक्षर, तारीख दवाखान्यातून घरी आल्यानंतर पाचव्या आठवड्याची. आजपासून दोन ऐवजी रोज एक. खाली रेघ मारलेली. त्याच्याखाली, दर सहा महिन्यांनी छातीचा फोटो, रक्त, डोळे.

तिनं ते दोनदा वाचलं. मग आईकडे बघितलं. आई पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती, जिथे आधीच एक गाठ होती.

आणि तिला आठवलं. आजवर ती गोष्ट विसरली होती असंही नाही, पण ती नेहमी निराळ्याच कप्प्यात ठेवलेली होती, आपण लहानपणी किती हट्टी होतो या कप्प्यात, आणि त्यावर सगळे हसायचेही. एका संध्याकाळी आईनं ताटलीत ठोक्याची गोळी ठेवली नव्हती. डॉक्टरांनी एक कमी केलीय, ती म्हणाली होती. नऊ वर्षांच्या पोरीनं स्वयंपाकघराच्या फरशीवर बसकण मारली आणि आकाशपाताळ एक केलं. तक्त्यावर दोन आहेत. तू चोरतेस. तुला बाबा मरायला हवेत. आईनं समजावलं, आईनं दटावलं, मग आईच रडायला लागली. तेव्हा बाबा उठले, डबीतून गोळी काढली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "घे. दोन तर दोन. बघ, गिळली." आणि तोंड उघडून दाखवलं.

"ही गोळी वाईट नाही," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. "त्या वेळी ती दिली नसती तर कदाचित हे आज इथे बसले नसते. पण ती अंगात साठत जाते. जिथे ऊन लागतं त्या कातडीत साठते, म्हणून चेहरा असा. दुकानात दारात बसायचात का?"

"दारातच. उजेड लागतो."

"दिव्याभोवती कडी दिसतात?"

"दिसतात," बाबा म्हणाले. "मला वाटलं ठिणग्या बघून बघून."

"डोळ्यांतही साठते. आणि फुफ्फुसांत साठली की हे असं होतं. म्हणून दर सहा महिन्यांनी बघायचं असतं. सुरुवातीला दिसलं असतं, तर थांबवता आलं असतं."

"एक दिली असती तर?" कप्ताननं विचारलं. तिचा आवाज टेबलापर्यंतसुद्धा पोचेल की नाही अशी शंका येत होती.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या खोटं बोलू शकल्या असत्या. "एकानंही होतं काही जणांना. दोननं धोका वाढतो, आणि लवकर होतं. तुमच्या बाबांचं एकानं झालं असतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

ती गोळी त्याच दिवशी बंद झाली. पण ती अंगातून एका दिवसात जात नाही, महिने लागतात. तोवर फुफ्फुसांची सूज उतरवायला दुसरी गोळी, मोठ्या मात्रेनं सुरू करायची आणि दर थोड्या दिवसांनी पायरी पायरीनं उतरवायची. मध्येच एकदम थांबवायची नाही, ते धोक्याचं. जे जाळं अजून ओलं आहे ते कदाचित विरेल. जे घट्ट झालंय ते तसंच राहणार. आणि ठोके? ते आता राखणीवाचून राहणार. पुन्हा सैरावैरा झाले तर छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवता येईल, पण इतक्या कमी दमात नको, आधी फुफ्फुसं सावरू देत. थोडक्यात, बाबांच्या छातीत दोन भांडकुदळ शेजारी राहत होते आणि आता दोघांपैकी कुणाचीच बाजू घेण्यासारखी उरली नव्हती.

घरी आल्यावर कप्ताननं दारामागचा तक्ता काढला, चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकला. नाटक करायचं म्हणून नव्हे, तो तिला बघवेना. मग ती आईला म्हणाली, "उद्यापासून तू दे."

"बरं," आई म्हणाली.

दोघींनी एकमेकींना काहीच विचारलं नाही. आईनं सहा वर्षांत एकदाही तोंड का उघडलं नाही, हा प्रश्न घरभर फिरत होता, पण त्याला उत्तरही सोबतच होतं: तुला बाबा मरायला हवेत असं एकदा ऐकलेल्या बाईनं पुन्हा त्या ताटलीला हात लावला नव्हता.

तीन दिवस कप्तान शाळेत गेली, आली, अभ्यास केला. वादविवादाच्या बाईंनी पुढच्या फेरीसाठी नाव मागितलं तर म्हणाली, यंदा नको. चौथ्या दिवशी बाबांचे कपडे धुवायला घेताना आईच्या हाताला शर्टाच्या खिशात काहीतरी लागलं. सूज उतरवायच्या गोळ्या. मऊ पडलेल्या, कापसाच्या तंतूंत गुरफटलेल्या. दोन दिवसांच्या.

"अहो, हे काय?" आईचा आवाज चिरकला. "बाईंनी काय सांगितलं होतं? एकदम थांबवायची नाही म्हणून? मला म्हणालात गिळली."

"तू तोंड बघत नाहीस," बाबा म्हणाले.

"म्हणजे काय? तुम्ही काय तान्हे आहात?"

बाबा दारात उभ्या कप्तानकडे बघत राहिले.

"मी देणार नाही," ती म्हणाली.

"मग राहू दे."

"असं नाही करायचं बाबा. हे... हे घाणेरडं आहे. तुम्ही मला अडवताय."

"अडवतोय," बाबांनी कबूल केलं. आई गोळ्या मुठीत धरून स्वयंपाकघरात निघून गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.

कप्तान त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसली. "का सांगितलं नाहीत? एवढंच सांगा. मी नऊ वर्षांची होते. मला एक थोबाडीत दिली असती आणि एक गोळी ठेवली असती, तर मी दोन दिवस रडले असते आणि विसरले असते."

बाबांना लांब बोलायचं असलं की आता ते आधी वाक्य तोडून ठेवायचे, लाकूड फोडून रचून ठेवावं तसं. "तू तेव्हा," ते म्हणाले, "मधल्या सुट्टीत दुकानात पळत यायचीस. रोज. दारातून बघायचीस. मी आहे का." श्वास. "काही बोलायची नाहीस. बघून परत पळायचीस. एकदा रस्त्यात सायकलखाली आलीस. गुडघा फुटला. तरी आलीस बघायला." श्वास. "त्या संध्याकाळी मी दोन गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. शाळेतच थांबलीस. डबा खाल्लास. मला वाटलं, एका जादा गोळीनं काय होतंय."

"आणि मी दहा वर्षांची झाले तेव्हा? बाराची?"

बाबांनी खूप वेळ घेतला, आणि तो सगळाच श्वासासाठी नव्हता. "तेव्हा मी विसरलो होतो," ते म्हणाले. "खरंच. एक होती की दोन, ते डोक्यातूनच गेलं. दोनच होत्या. तू द्यायचीस, मी घ्यायचो."

"मग डॉक्टरांना एक का सांगितलंत?"

"तिथे आठवलं."

ती रडली नाही. तिला राग आला होता, असा राग की फरशीवर मूठ आपटावीशी वाटली, आणि तो नेमका कुणावर फेकायचा ते कळेना. समोर एक निळसर चेहऱ्याचा माणूस बसला होता. त्यानं तिला शाळेत बसता यावं म्हणून स्वतःची फुफ्फुसं दिली होती आणि वर ते विसरूनही गेला होता. अशा माणसाचे आभार कसे मानतात आणि त्याला माफ कसं करतात, दोन्ही तिला येत नव्हतं.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "आई, कागद कुठाय?"

आईनं ओल्या हातांनीच डॉक्टरीणबाईंचा कागद काढून दिला. कप्ताननं आधी दवाखान्यात फोन लावला, दोन दिवस चुकलेत, काय करू, म्हणून विचारलं, आणि उत्तर कागदाच्या मागे लिहून घेतलं. मग कागद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. मग आईला म्हणाली, "आता तू मला वाचून दाखव." आईनं वाचून दाखवला. दोघींच्या वाचण्यात फरक नाही हे बघितल्यावरच तिनं पट्टीतून गोळ्या काढल्या. एक गोळी घरंगळून ओट्याखाली गेली, ती शोधायला आई गुडघ्यांवर बसली.

बाबांनी तोंड उघडलं. जीभ वर केली. डावीकडे केली. तिनं बघितलं, पण "परत उघडा" म्हणाली नाही.

चार महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. एका कडेचं जाळं थोडं विरलं होतं. बाकीचं होतं तिथेच होतं. "वाढलेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि ही चांगली बातमी आहे हे लक्षात यायला तिघांनाही वेळ लागला. हृदयाच्या डॉक्टरांनी चोवीस तास छातीला तारा चिकटवून ठोके टिपले होते. त्यात भटके ठोके परतले होते, अजून एकेकटे, मधूनच. यंत्राचं अजून सहा आठवड्यांनी बघू, म्हणाले. फुफ्फुसं सावरली तर. नाही सावरली तर काय, ते त्यांनी आपणहून सांगितलं नाही, कप्ताननं विचारलं. मग त्यांनी सांगितलं. घरी येताना रिक्षात आईनं फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

चेहरा तसाच राहिला. उजळेल कदाचित, बाई म्हणाल्या होत्या, वर्षभरानं, दोन वर्षांनी, थोडा. आई आता टॉवेल हातात देते आणि गप्प राहते.

दुपारी काका बाबांना दुकानात घेऊन जातो. दार सोडून आत, भिंतीपाशी खुर्ची टाकलेली असते आणि चाकासमोर मोठा पंखा, धूळ रस्त्याकडे लोटणारा. बाबांना आवाजावरून कळतं की काकानं पातं वाकडं धरलंय. पूर्वी ते ओरडायचे. आता बोट वर करतात. काका ते बोट न बघता शिट्टी वाजवत राहतो, मग बघतो, मग पातं सरळ करतो. एका कात्रीला तीनदा बोट वर होतं.

काल शाळा सुटल्यावर कप्तान तिथे गेली. दप्तर उतरवलं, पाण्याची बाटली काढली, गोळीची पट्टी काढली. त्या दिवसापासून पुढची पायरी होती. तिनं गोळी मधोमध तोडली, एक तुकडा तळहातावर धरला आणि बाबांपुढे केला.

बाबांनी तोंड उघडलं नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अर्धी."

"काल एक होती."

"हो. आजपासून अर्धी."

"नक्की?"

सहा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. काकानं चाकावरून मान वळवली. एकेकाळी तिनं या एका शब्दावर तीन मुद्दे मांडले असते. तिनं गोळी बाटलीच्या झाकणात ठेवली, दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून डॉक्टरीणबाईंचा कागद काढला आणि त्यांच्या मांडीवर पसरला.

बाबांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून वाचायला लागले, पहिल्या ओळीपासून. तारीख. मात्रा. किती दिवस. त्यानंतर किती. मध्ये थांबून श्वास घेत, पुन्हा त्याच ओळीवर येत. काकानं चाक बंद केलं होतं, त्यामुळे दुकानात त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. कप्तान उभी राहिली. तिनं घाई केली नाही, आणि त्यांच्यासाठी एकही शब्द वाचला नाही.